नवीन टाकलेला पार्ट लवकर गेला, कंपनीकडे गुडविल मागितलंत का? अनुभव लिहा

पुणे

गाडीची वॉरंटी संपलेली असते, आपण ऑथराइज्ड वर्कशॉपमध्ये पूर्ण पैसे मोजून ओरिजिनल पार्ट टाकून घेतो आणि वर्ष-दीड वर्षात तोच पार्ट परत जातो. सर्व्हिस ॲडव्हायजर म्हणतो, पार्टची वॉरंटी संपली साहेब, नवीन टाकावा लागेल. बहुतेक जण इथे गपचूप परत पैसे भरतात आणि ते बघून मला खरंच त्रास होतो, कारण वॉरंटी संपल्यावरही कंपनी स्वतःहून खर्चाचा वाटा उचलू शकते, त्यालाच गुडविल म्हणतात, फक्त ते मागावं लागतं आणि ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे मागावं लागतं. म्हणून हा धागा. मिळालं असेल तरी लिहा, नाही मिळालं तरी लिहा. कागद कुठले दाखवले ते जरूर सांगा. डीलरची, कंपनीची नावं नकोत.

आधी माझं सांगतो. डिझेल हॅचबॅक, रनिंग लाखाच्या आसपास. क्लच सेट आणि गिअरबॉक्सच्या आत बसतो तो स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवतो तो), दोन्ही एकदमच बदलले. वर्षभराने पेडल खाली बसायला लागलं. वर्कशॉपमध्ये उत्तर तयारच होतं, क्लच म्हणजे वेअर अँड टेअर, त्यात काही मिळत नाही. मी म्हटलं आधी उघडा तरी. उघडल्यावर प्लेट चांगली, प्रेशर प्लेट चांगली, स्लेव्ह सिलिंडरचं सील लीक. आता प्लेट घासून संपते हे मान्य, ते माझ्या पायावर आहे, पण हायड्रॉलिक सील वर्षात गळायला लागलं तर त्याला झीज कसं म्हणणार? तिथेच फोटो काढले, जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, "सील लीक, प्लेट ओके" असं लिहून घेतलं, आणि कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाकला. मेलमध्ये चॅसिस नंबर, पहिलं बिल, तेव्हाचं रनिंग, आत्ताचं रनिंग, फोटो, आणि शेवटी स्पष्ट वाक्य की पार्ट आणि लेबर दोन्हीसाठी गुडविल हवं आहे. हे वाक्य नसेल तर नुसती तक्रार म्हणून नोंद होते आणि ॲडव्हायजरकडेच परत येते. काही दिवसांनी कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर वर्कशॉपला आला, त्याने पार्ट बघितला आणि पार्ट फ्री मंजूर केला, लेबर नाही. पण या कामात सगळा पैसा लेबरमध्येच असतो हो, गिअरबॉक्स खाली उतरवायचा म्हणजे! मग वर्क्स मॅनेजरशी वेगळं बोललो, की लेबर तुमचं आहे, कंपनीचं नाही, तुम्ही तुमचा वाटा उचला. अर्धं सोडलं त्यांनी.

नाशिक

आमचा एसीचा कॉम्प्रेसर. एका उन्हाळ्यात टाकला, पुढच्या उन्हाळ्यात जाम. कंपनीकडून सरळ नकार आला, कारण असं की सिस्टिममध्ये धातूचा भुगा सापडला, म्हणजे पार्टचा दोष नाही. माझे मिस्टर म्हणाले सोड आता. पण मी पहिलं बिल काढून एकेक ओळ वाचली. कॉम्प्रेसर, गॅस, ऑइल, लेबर, बस. ड्रायर (एसीच्या लाइनमधली ओल शोषणारा पार्ट) बदललेला नाही, लाइन फ्लश केल्याची ओळ नाही. जुना कॉम्प्रेसर आतून घासून गेला की त्याचा भुगा सगळ्या लाइनमध्ये पसरतो, तो साफ न करता नवीन बसवला तर नवीनही मरणारच, हे मला आमच्या इथल्या एसीवाल्याने समजावून सांगितलं. मग कंपनीचं नकाराचं पत्र आणि ते बिल दोन्ही घेऊन डीलरच्या जनरल मॅनेजरकडे बसले. म्हटलं कंपनी म्हणते पार्ट चांगला होता, मग खराब काय होतं ते तुम्ही सांगा. शेवटी कॉम्प्रेसर, ड्रायर, फ्लशिंग सगळं डीलरने केलं, गॅसचे पैसे मी दिले. म्हणून सांगते, पार्टचा दोष की बसवण्याचा दोष हे आधी ठरवा, कारण दोन्हीचे दरवाजे वेगळे आहेत.

दापोली

कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाडीच्या एसीची कूलिंग कॉइल किती लवकर गळते ते इथल्या माणसाला विचारा. ती बदलायची म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा. माझी नवी कॉइल दुसऱ्या पावसाळ्यानंतर गेली. गुडविल मागितलं तर उत्तर काय, तुमची सर्व्हिस हिस्टरी तुटलेली आहे. का, तर मधले ऑइल चेंज मी गावातल्या मेकॅनिककडे केले. अहो, ऑइल बदलण्याचा आणि कूलिंग कॉइलचा संबंध काय? मी ऑइलच्या डब्यांची, फिल्टरची बिलं ठेवलेली होती, ती स्कॅन करून पाठवली आणि सोबत लिहिलं की 25 ऑगस्ट 2014 ला कॉम्पिटिशन कमिशनने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारा सरकारी आयोग) 14 कार कंपन्यांना 2,544.65 कोटींचा दंड केला होता त्याच आदेशात म्हटलंय की बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारा. त्या आदेशावर पुढे अपिलं झाली हे मला माहीत आहे आणि गुडविल म्हणजे वॉरंटी नव्हे हेही कळतं, तरी मुद्दा तोच आहे ना. पार्टची अर्धी किंमत मंजूर झाली. अर्धीच. डॅशबोर्डचं लेबर पूर्ण भरलं. मला अजूनही वाटतं पूर्ण द्यायला हवं होतं.

स्टुटगार्ट

नमस्कार मंडळी, इकडचा अनुभव. जर्मनीत गुडविलला कुलांझ म्हणतात आणि वर्कशॉपवाले स्वतःच विचारतात, कुलांझचा अर्ज करू का? माझा वॉटर पंप बदलल्यावर दीडेक वर्षात गळायला लागला, तर काउंटरवरच्या बाईंनी मोठ्या आपुलकीने सांगितलं की कंपनीकडून बराचसा खर्च मिळेल, थोडा तुमचा. मी खूश होऊन घरी आलो. ऑफिसमधला सहकारी म्हणाला, थांब, सही करू नकोस. इथे दुरुस्तीवर आणि बसवलेल्या पार्टवर कायद्याने दोन वर्षांची हमी असते, दोष मुळातला असेल तर ती जबाबदारी वर्कशॉपची, त्यात मेहेरबानीचा प्रश्नच नाही. परत गेलो, गेवेअरलाइस्टुंग (ही कायद्याची हमी) हा शब्द उच्चारला आणि सगळं फुकट झालं. म्हणजे हक्काचं आहे का ते आधी बघा, ते संपलं की मगच गुडविल. भारतातही बिलाच्या मागे पार्टची मुदत बारीक अक्षरात छापलेली असते, माझ्या वडिलांच्या गाडीच्या बिलावर होती, ती वाचायला कोणी सांगत नाही.

नागपूर

माझं छोटंसं. फ्युएल पंप पैसे देऊन बदलला, काही महिन्यांनी परत तीच बोंब. भाच्याने कंपनीच्या वेबसाइटवर चॅसिस नंबर टाकला तर गाडी रिकॉलमध्ये, म्हणजे दोषामुळे कंपनीने स्वतःच दुरुस्तीला परत बोलावलेल्या गाड्यांत! नवा पंप फुकट बसला आणि आधीचे पैसेही अर्ज केल्यावर परत आले. गुडविल मागायच्या आधी हे एवढं बघाच.

ठाणे

मला नाही मिळालं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट एक्स्टेंडेड वॉरंटीत बदललं होतं, वॉरंटी संपली आणि पुढच्याच दिवाळीच्या आसपास ते गेलं. मला वाटलं नवीन पार्टला नवीन वॉरंटी असणार. नसते. वॉरंटीत बदललेल्या पार्टला गाडीची उरलेली मुदतच लागू होते, बुकलेटमध्ये तसं लिहिलेलं आहे. गुडविलचा अर्ज दोनदा नाकारला, दुसऱ्या वेळी कारण सुद्धा दिलं नाही. खर्च लाखाच्या पुढे. आता कंझ्युमर कोर्टात जावं का? कोणाला माहिती असेल तर सांगा, घरात सगळे टेन्शनमध्ये आहेत.

डोंबिवली

ठाणेकर दादा, मी निवृत्त आहे, ग्राहक चळवळीत बरीच वर्षं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे निकाल देत नाहीत पण तक्रार कंपनीच्या ग्राहक-तक्रार विभागाकडे थेट जाते, आणि ॲडव्हायजरने अडवलेली फाइल तिथून कधीकधी हलते. नाही हलली तर जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे तुम्ही म्हणता ते कंझ्युमर कोर्ट. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठे आहे याने फरक पडत नाही, वकील सक्तीचा नाही, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. पण गुडविल नाकारलं म्हणून केस उभी राहत नाही, कारण गुडविल हा हक्कच नाही. तक्रार पार्टमधल्या दोषाची किंवा सेवेतल्या त्रुटीची करायची, आणि त्यासाठी तो पार्ट काय कारणाने गेला याचा जाणकाराचा लेखी रिपोर्ट लागतो.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. मुदत दोन वर्षांची आहे आणि कंपनीशी मेलामेली चालू आहे म्हणून ती थांबत नाही. "वरिष्ठांकडे पाठवलंय, बघतो" यात लोकांचे महिने जातात. दुसरं, अर्धवट गुडविल देताना एक कागद पुढे करतात, "फुल अँड फायनल सेटलमेंट, यापुढे तक्रार नाही". गाडी ताब्यात घ्यायच्या घाईत माणूस सही करतो. वाचा, आणि पटत नसेल तर "रक्कम हरकत राखून स्वीकारली" असं स्वतःच्या हाताने लिहून मग सही करा, त्याचा फोटो ठेवा.

कोल्हापूर

माझं आत्ता चालू आहे. पुढचं व्हील बेअरिंग हबसकट बदललं, सहा-सात हजार किमीत परत घूं घूं आवाज. ॲडव्हायजर म्हणतो खड्ड्यांमुळे, रिम तर सरळ आहे, बॅलन्सिंगवाल्याने बघून दिलं. गाडी उद्या सकाळी देणार आहे. मेलमध्ये काय काय लिहू?

पुणे

ताई, मेल आज रात्रीच टाका, गाडी द्यायच्या आधी, म्हणजे तारीख तुमच्या बाजूने राहते. बॅलन्सिंगची पावती जोडा. आणि उद्या जॉब कार्डवर सही करताना "काढलेले पार्ट ग्राहकाला परत" यावर टिक करायला लावा. गुडविलमध्ये मंजूर झालं तर जुना पार्ट कंपनी ठेवून घेते ते ठीक, पण मंजुरी येईपर्यंत तो भंगारात जाता कामा नये, बेअरिंग एकदा गेलं की खड्डा की दोष हे कोणीच सांगू शकणार नाही. हबवर कोरलेला नंबर दिसेल असा फोटो पण काढा, काय होतंय ते इथे कळवा.