एडिंबराच्या हिवाळ्यासाठी पुरुषांनी पहिला कोट कोणता घ्यावा?

मुळाकाठ:
नमस्कार. नोकरीनिमित्त पुण्याहून एडिंबराला राहायला आलो आहे. सोबत आणलेले दोन स्वेटर, एक बंदगळा आणि पावसाळी जॅकेट ऑक्टोबरातच अपुरे पडू लागले आहेत. कार्यालयात रोज चालत जातो, अर्ध्या तासाचा रस्ता आहे आणि तिथे पोशाख बऱ्यापैकी औपचारिक लागतो. दरवर्षी सेलमध्ये एक स्वस्त जॅकेट घ्यायचे आणि दोन हिवाळ्यांत टाकून द्यायचे, हे मला पटत नाही. कपडे थोडेच असावेत, पण दहा-पंधरा वर्षे अंगावर राहावेत अशी इच्छा आहे. यंदासाठी ३०० पौंड बाजूला काढले आहेत. लोकरीचा लांब कोट, पिसांचे जॅकेट आणि मेण लावलेल्या सुती कापडाचे जॅकेट यांपैकी सुरुवात कशाने करावी? पुढे पुण्याला परतलो तर हे कपडे सांभाळायचे कसे, हेही जाणकारांनी सांगावे.

लीड्सकर:
एडिंबराची थंडी आकड्यांत फार भयंकर नसते. जानेवारीत दुपारी सहा-सात अंश आणि पहाटे शून्याच्या थोडे वर, असा साधारण हिशेब असतो. माणूस गारठतो तो वाऱ्याने आणि सततच्या ओलाव्याने. पिसे फुगलेली असतात तोवरच त्यांत हवा अडकून ऊब राहते. ती भिजली की एकमेकांना चिकटतात आणि जॅकेटचा उपयोग संपतो. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही. म्हणून पहिला खर्च लोकरीच्या कोटावरच करा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कापड शक्यतो मेल्टन पाहा. विणून झाल्यावर हे कापड ओले करून, दाबून इतके आटवतात की वीण दिसेनाशी होते आणि त्यामुळे वारा सहजासहजी आत शिरत नाही. चौरस मीटरला ६०० ग्रॅमच्या आसपास वजन असेल तर उत्तम. लेबलवर लोकर निदान ८० टक्के असावी. उरलेले नायलॉन असेल तर बिचकू नका, बाहीच्या कडा त्याने जास्त टिकतात. निम्मे पॉलिएस्टर असेल तर तो कोट दुकानातच राहू द्या. रंग गडद निळा किंवा करडा घेतलात की तो बंदगळ्यावरही शोभेल आणि जीन्सवरही.

मेणाचे जॅकेट पुढच्या वर्षी घ्या, पण घ्याच. इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्समध्ये १८९४ साली सुरू झालेली बार्बर कंपनी आजही जुनी जॅकेटे दुरुस्त करून, पुन्हा मेण लावून देते. असे जॅकेट वॉशिंग मशीनमध्ये कधीही टाकू नये. गार पाणी आणि स्पंज पुरेसे असतात. गरम पाण्याने किंवा साबणाने मेण निघून जाते.

टोरांटोनिवासी:
एडिंबरापुरते वरील उत्तर योग्य आहे; सरसकट नियम म्हणून मात्र ते वाचू नये. आमच्याकडे पारा उणे २० पर्यंत उतरतो तेव्हा हवा कोरडी असते आणि तिथे चांगल्या पिसांच्या जॅकेटला पर्याय नाही.

सुईदोरा:
आमचे घर शिवणकामाचे आहे, त्यामुळे मापाविषयी लिहितो. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, अस्तर संपूर्ण नवे घालता येते. पण खांदा चुकलेला असेल तर बाह्या उसवून, कॉलर काढून तो पुन्हा बसवण्याची मजुरी कोटाच्या किमतीला भिडते. दुकानात जाताना अंगात स्वेटर आणि वर बंदगळा असू द्या. त्यावर कोट चढवून दोन्ही हात समोर गुंफा; पाठीत ताण येत असेल तर तो कोट तुमचा नाही.

मग शेवटच्या काजाखाली कापड आणि अस्तर दोन्ही चिमटीत धरून एकमेकांपासून सुटे करून पाहा. मध्ये तिसरा थर सुटा हाताला लागला तर आत शिवलेला कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारा कापडाचा थर आहे. तसे न लागता पुढचे कापडच जाड आणि ताठ वाटले तर आतला थर गोंदाने चिकटवलेला असतो, आणि काही वर्षांनी तिथे बुडबुडे येण्याची शक्यता असते. कोट नवा असेल तर मागच्या चिरेवर फुलीच्या आकाराचा टाका घातलेला दिसेल. तो फक्त वाहतुकीपुरता असतो, घरी आल्यावर कापून टाकावा.

मुळाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. काल इथल्या स्टॉकब्रिज भागात, दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानांतून फिरलो. एका ठिकाणी हॅरिस ट्वीडचा गुडघ्यापर्यंतचा कोट ८० पौंडांना आहे. खांदा बरोबर बसतो. मात्र कॉलरखाली दोन बारीक भोके आहेत आणि काखेत अस्तर फाटले आहे. घ्यावा का?

सुईदोरा:
आत गोल आणि क्रॉसची खूण असलेले लेबल असेल तर अवश्य घ्या. १९९३च्या ब्रिटिश कायद्यानुसार ‘हॅरिस ट्वीड’ हे नाव फक्त स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आउटर हेब्रिडीज बेटांवर, विणकराने स्वतःच्या घरी हाताने विणलेल्या शुद्ध लोकरीच्या कापडालाच लावता येते. असे कापड अस्तरापेक्षा कितीतरी अधिक टिकते, म्हणून फाटलेले अस्तर हा दोष मानू नका; फक्त भाव करताना दाखवा.

भोके बहुधा कसरीची असणार. ट्वीडच्या धाग्यात मुळातच अनेक रंगांची सरमिसळ असते, त्यामुळे आतल्या शिवणीत दुमडलेल्या कापडातून धागे काढून केलेला रफू हातभर अंतरावरून दिसत नाही. पण हा कोट तुमच्या इतर लोकरी कपड्यांजवळ नेण्याआधी पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. लोकर कसरीचा पतंग स्वतः खात नाही, त्याच्या अळ्या खातात. घामाचे आणि अन्नाचे डाग असलेली जागा त्या आधी गाठतात. म्हणून हिवाळा संपल्यावर कोट स्वच्छ करूनच कपाटात ठेवावा.

पुण्यात कसरीइतकीच भीती पावसाळ्यातल्या बुरशीची आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोट ठेवू नका. रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर, सुती खोळ घालून, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात तो टांगा आणि पाऊस सरल्यावर ब्रशने झटकून दिवसभर सावलीत वारा द्या. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या असतील तर कापडाला थेट लागू देऊ नका.