मदत हवी आहे: एलएम३१७ (रेग्युलेटर आयसी) वर लेझर डायोडचा करंट कसा सेट करावा?

अर्धा_ओहम: ६५० नॅनोमीटरचा लाल डायोड आहे. डेटाशीटप्रमाणे कमाल ९० मिलिअँपिअर, चालवायचाय ७० वर. एलएम३१७ च्या आउट आणि ॲडजस्ट पिनांमध्ये नुसता १०० ओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), ९ व्होल्टचा अडॅप्टर, डायोडला समांतर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पॉट जरा हलला की करंट उडी मारतो. डायोड लावूनच, मीटर सिरीजमध्ये ठेवून सेट केलं तर चालेल?

पक्का_जोड: अजिबात नको. करंट म्हणजे १.२५ (आयसी आउट आणि ॲडजस्टमध्ये धरून ठेवतो तो व्होल्टेज) भागिले ओहम. ७० ला १७.९ ओहम लागतात, ९० ला १३.९. म्हणजे अख्ख्या पॉटमधला ४ ओहमचा तुकडा काय तो कामाचा, साध्या पॉटवर जेमतेम ११ अंश. आणि पॉट शून्यावर गेला की आयसी दीड अँपिअरच्याही पुढे सोडेल.

पॉटच्या सिरीजमध्ये १५ ओहमचा, १ टक्क्याचा रेझिस्टर टाका. पॉट कसाही फिरवा, ८३ च्या आसपास थांबेल. आयसीचा व्होल्टेज १.३ निघाला तरी ९० च्या आतच. पॉट २० ओहमचा घ्या, मल्टिटर्न (अनेक फेऱ्यांचा) मिळाला तर उत्तम. अर्ध्या वॅटचा १०० ओहमचा पॉट ७० मिलिअँपिअरलाच काठावर येतो. तेवढ्याच वॅटचा २० ओहमचा दीडशे सोसतो.

समांतर: करंट आधी लेझरच्या जागी डमी लोड लावून सेट करा: तीन १एन४००७ (साधे डायोड) आणि १ ओहम, सगळे सिरीजमध्ये. त्या १ ओहमवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. हा रेझिस्टर नंतर डायोडच्या सिरीजमध्येही कायम राहू द्या. मीटर सिरीजमध्ये नको, कारण प्रोब निसटला की सर्किट उघडं पडतं, कपॅसिटर सातेक व्होल्टपर्यंत चढतो आणि प्रोब परत टेकताच सगळा चार्ज डायोडमध्ये ओततो. त्यानंतर लेझर जातो, नुसता एलईडीसारखा मंद उजेड उरतो. ४७० काढून १० मायक्रोफॅरड लावा. डमी काढताना सप्लाय बंद, कपॅसिटर शॉर्ट, मगच डायोड सोल्डर. लेझर डायोडला उलटा १एन४१४८ (छोटा डायोड) समांतर हवाच.

पक्का_जोड: एक राहिलं. एलएम३१७ चा टॅब (पाठीची धातूची पट्टी) आतून आउटला जोडलेला असतो. काही डायोडची बॉडी ॲनोडला असते. दोघे एकाच हीटसिंकवर, मध्ये माइका (वीज अडवणारा पातळ पत्रा) नाही, तर १५ ओहम आणि पॉट दोन्ही शॉर्ट! मग कसली मर्यादा.

डोळ्यांचंही तेच. तीन-चार मिलिवॅट नाही हे, पापणी मिटेपर्यंत इजा होऊन जाते. ६५० नॅनोमीटरला ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, प्रकाश अडवण्याची क्षमता) ३ किंवा जास्त लिहिलेला चष्मा घ्या, लाल काचेचा नको. बीम काळ्या मॅट ठोकळ्यावर, नजर मीटरवर.

अर्धा_ओहम: डमीवर ७० आले, डायोडवर ६९. पण मिनिटभराने उजेड कमी होतोय, मीटर मात्र ६९ च दाखवतो.

समांतर: डायोड तापतोय. गरम झाला की लेझिंग सुरू व्हायलाच जास्त करंट लागतो, त्यामुळे तेवढ्याच करंटला उजेड घटतो. पॉटला हात लावू नका, डायोड ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये घट्ट बसवा.