बायकोला बायपोलर आहे, तिने गोळ्या परस्पर बंद केल्यात – मदत हवी आहे

पाऊलवाट:
नमस्कार, पटकन लिहितोय, सविस्तर लिहायला वेळ नाहीये. बायकोला बायपोलर (मूड कधी खूप वर, कधी खूप खाली जाण्याचा आजार) आहे, निदान लग्नाआधीचं, मला माहीत होतं, त्याबद्दल तक्रार नाही. बरीच वर्षं सगळं नीट चाललं होतं. आता तिने गोळ्या बंद केल्यात आणि मला सांगितलंही नाही, पाकीट तसंच भरलेलं दिसलं म्हणून कळलं. विचारलं तर म्हणते मी बरी आहे, इतकं छान मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, तुला मी फक्त गप्प बसलेलीच आवडते का. यावर काय बोलणार? रात्री कपाटं आवरते, पहाटे नव्या धंद्याचे प्लॅन लिहीत बसते, बोलायचा स्पीड वाढलाय, मधेच एवढ्या तेवढ्यावरून भडकते. कुणी जवळून पाहिलं असेल तर सांगा, गोळ्या परत सुरू करायला तिला पटवायचं कसं? आणि प्लीज 'प्रेमाने समजवा' लिहू नका, तेच चालू आहे.

निळीशाई:
कुठली गोळी, कधीपासून बंद, हळूहळू कमी केली की एकदम? आणि सगळ्यात महत्त्वाचं, वहिनी झोपतात किती? झोप कमी झालीये आणि तरी दुसऱ्या दिवशी थकवा नाही असं असेल तर ते या आजारात फार मोठं लक्षण आहे. डॉक्टरांना कळवलंय का? एवढं सांगितल्याशिवाय कुणीच काही नीट सांगू शकणार नाही.

रानवारा:
माझ्या भावाला हाच त्रास. त्याचा अनुभव सांगतो, गोळ्यांनी माणूस नुसता दगड होतो, ना हसू ना रडू. लिथियमने तर किडन्या जातात. तो आता ध्यान करतो, ठरलेल्या वेळी झोपतो उठतो, सकाळी चालतो, आणि मस्त आहे. तुमच्या मिसेस म्हणतायत बरं वाटतंय तर ऐका ना जरा त्यांचं, प्रत्येक आनंदी माणूस आजारी नसतो.

तळटीप:
रानवारा, भाऊ बरा आहे हे छानच, पण दुसऱ्याच्या घरात आत्ता आग लागलेली असताना हा सल्ला देऊ नका. ठरलेली झोप, ठरलेली दिनचर्या याचा खरंच उपयोग होतो, त्यावर आधारलेली थेरपीसुद्धा आहे, पण ती औषधाच्या जोडीला असते. आणि लिथियमबद्दल अर्धवट लिहू नका. १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने ते मॅनियासाठी, म्हणजे मूड फार वर चढलेल्या अवस्थेसाठी, वापरून दाखवलं आणि आजही या आजारात आत्महत्येचा धोका कमी करणारं औषध म्हणून त्याचंच नाव आधी घेतलं जातं. किडनी आणि थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तर ठरावीक काळाने क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि रक्तातली लिथियमची पातळी तपासतात. पातळीसाठी रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं असतं, हे पुष्कळ जणांना कुणी सांगतच नाही. जुलाब उलट्या झाल्या, शरीरातलं पाणी कमी झालं किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मनाने घेतली तर पातळी चढते. हात जोरात थरथरायला लागले, चालताना तोल जातोय, जीभ अडखळतेय असं दिसलं तर थेट हॉस्पिटल.

रानवारा:
मी फक्त अनुभव सांगितला, डॉक्टरकी केली नाही. त्याला लिथियमवर असताना खरंच त्रास झाला होता, ते मी डोळ्याने पाहिलंय.

पाऊलवाट:
अहो लिथियम नाहीचे. व्हॅल्प्रोएट आहे, सोडियम व्हॅल्प्रोएट. एकदम बंद केलीये. झोप दोन तीन तास, तीही सलग नाही. डॉक्टरांना अजून कळवलं नाही कारण तिला कळलं तर मी पाठीमागून चुगली केली असं होईल. गोळ्या कशा पटवायच्या एवढंच विचारलंय, त्यावर बोला ना.

खुर्चीवाला:
फिटनेस घड्याळ घ्या, झोप अचूक मोजतं, पुरावा समोर ठेवता येतो. मी वापरतो.

तळटीप:
घड्याळ अचूक मोजत नाही, अंदाज देतं. आणि मॅनियात असलेल्या माणसासमोर पुरावा ठेवून काय साधणार? आपण आजारी आहोत हे न कळणं हा आजाराचाच भाग असतो अशा वेळी. भांडण तेवढं वाढेल.

खुर्चीवाला:
अंदाज असला तरी दोन तास आणि सात तास यातला फरक कळतोच की. तुम्ही वापरून बघितलंय का?

हिशोबी:
एक वेगळा मुद्दा. उद्या गोष्टी कोर्टात गेल्या तर मेडिकल पेपर, मेसेज, व्यवहारांचे पुरावे सगळं आत्तापासून जपून ठेवा. घटस्फोटात हे लागतं.

निळीशाई:
हिशोबी, त्यांनी घटस्फोटाचा घ सुद्धा काढलेला नाही. बायकोला बरं कसं वाटेल हे विचारतायत ते.

दोन_टोकं:
मला स्वतःला बायपोलर आहे, टाइप १, म्हणजे पूर्ण मॅनिया येणारा प्रकार, म्हणून त्या बाजूने लिहिते. पाऊलवाट, 'बरी आहे' हे ती खोटं बोलत नाहीये. वर जाताना खरंच वाटतं की हीच मी, एवढी वर्षं कुणीतरी माझ्यावर झाकण ठेवलं होतं. डोकं चालतं, शब्द सुचतात, थकवा नाही, आणि नेमकं तेव्हाच घरातला माणूस विचारतो, गोळी घेतलीस का? माझा नवरा आधी हेच करायचा. मी हसले तरी गोळी, चिडले तरी गोळी. मग मला राग आला तर तो माझा राग उरतच नव्हता, लक्षण व्हायचा. तुझ्या बायकोने विचारलेला प्रश्न मी पण विचारलेला आहे आणि त्यात दुखणं खरं असतं. आजार आहे की नाही यावर आत्ता वाद घालू नकोस, जिंकलास तरी उपयोग नाही. झोपेबद्दल बोल. 'तू झोपली नाहीस, मला भीती वाटतेय' हे मला ऐकू यायचं, 'तू मॅनियात आहेस' म्हटलं की दार बंद. आणि एक विचारू? तिने गोळी का बंद केली हे तिला विचारलंस का? पटवण्याच्या आधी ते. वजन वाढलं असेल, केस गळत असतील, कंटाळली असेल, काहीतरी असेल.

पाऊलवाट:
कारण तसं काही नाही. आम्ही मुलाचा विचार करतोय सध्या, त्यात तिने कुठेतरी वाचलं की या गोळीने बाळाला त्रास होतो. पण तो नंतरचा विषय झाला ना, आधी ती शांत व्हायला हवी.

निळीशाई:
अहो, हा नंतरचा विषय नाही, हाच विषय आहे! वहिनींनी वाचलंय ते बरोबर आहे. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलं तर साधारण १० पैकी १ बाळात जन्मजात दोष दिसतो, एरवी हे प्रमाण १०० मध्ये २-३ असतं, आणि १० पैकी ३-४ मुलांमध्ये पुढे शिकण्या-बोलण्याच्या अडचणी येतात. मणक्याचा दोष तर अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत होतो, दिवस गेलेत हे कळायच्याही आधी. म्हणून मूल हवं असणाऱ्या बाईला शक्यतो हे औषध देतच नाहीत. त्यांची चूक एवढीच की डॉक्टरांना न विचारता एकदम बंद केली, एकदम बंद केलं की आजार उलटतो. तुम्ही 'गोळी परत सुरू कर' म्हणताय म्हणजे त्यांच्या कानाला 'बाळाचं काही का होईना' असं ऐकू येत असणार. त्यापेक्षा 'तुझी काळजी बरोबर आहे, ही गोळी नकोच, बाळाला चालेल असं दुसरं काय आहे ते विचारायला जाऊ' असं म्हणून बघा. लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन असे पर्याय असतात, काय कधी ते डॉक्टर ठरवतील. लॅमोट्रिजिन फार हळूहळू वाढवावं लागतं आणि चढलेला मॅनिया ते उतरवत नाही, त्यामुळे आत्ता आधी वेगळं काही देतील. जुनं पाकीट उघडून तुम्ही स्वतः गोळी देऊ नका. आणि प्रेग्नन्सी टेस्ट आधी करा, आजच.

हिशोबी:
कटू आहे पण बोलतो. या आजारात मूल होऊ देणं योग्य आहे का? आनुवंशिक असतो ना.

दोन_टोकं:
मला एक मुलगी आहे. एका पालकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण १० टक्क्यांच्या आसपास सांगतात, म्हणजे बहुतेकांना होत नाही, आणि झालाच तर घरात तो ओळखणारं कुणीतरी असतं. कठीण भाग बाळंतपणानंतरचा आहे, तेव्हा आजार उलटण्याचा धोका खूप वाढतो, रात्रीची झोप तुटते म्हणून अजूनच. आमच्याकडे रात्रीचं दूध नवरा द्यायचा, वरचं, ते आधीच ठरवून ठेवलं होतं. मूल होऊ द्यायचं की नाही ते त्या दोघांना ठरवू दे.

तळटीप:
पाऊलवाट, डॉक्टरांना फोन करणं चुगली नाही. ते तुम्हाला तिची माहिती कदाचित देणार नाहीत, पण तुमचं ऐकून घ्यायला त्यांना कशाची आडकाठी? तिला सांगूनच करा, 'मी फोन करतोय कारण तू झोपत नाहीयेस'. आणि हे लक्षात ठेवा: मरणाची भाषा, कुणीतरी मागावर आहे असं वाटणं, भास, किंवा अंगात प्रचंड जोर असताना आतून निराशा, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, इमर्जन्सीत न्या. शेवटचं मिश्र रूप सगळ्यात धोक्याचं, कारण मन मरणाकडे झुकलेलं आणि शरीरात ताकद.

रानवारा:
बाळाचं मला माहीत नव्हतं. तसं असेल तर डॉक्टरकडे जाच. फक्त सकाळी ठरल्या वेळी उठवायची आणि संध्याकाळी दिवे, स्क्रीन कमी करायची सवय सोडू नका, भावाला त्याने खरंच फरक पडलाय.

पाऊलवाट:
अपडेट. बाळाला चालणारं औषध विचारायला जाऊ म्हटल्यावर ती लगेच तयार झाली, वाटेत रडली, म्हणाली एवढे दिवस मी एकटीच हा विचार करत होते. टेस्ट निगेटिव्ह. डॉक्टरांनी वेगळं औषध दिलंय, आठवड्याने परत बोलावलंय, मुलाचा विषय ती स्थिर होईपर्यंत थांबवा म्हणाले. काल पाच तास झोपली. चिडचिड आहे, माझ्याशी तुटक बोलते, पण गोळी स्वतःहून घेते. निळीशाई, दोन_टोकं, मनापासून आभार. एक अडचण राहिली, त्या धंद्यासाठी तिने दोघा ओळखीच्यांना शब्द दिलाय, ते सारखे फोन करतायत, मी उचलून सांगून टाकू का काय झालंय ते?

दोन_टोकं:
नको! आजाराबद्दल तू काही सांगू नकोस, कुणाला सांगायचं ते तिचं ती ठरवेल. तिला विचार, 'त्यांना सध्या महिनाभर थांबा म्हणू का', ती हो म्हणाली तर तेवढंच कळव, कारण देऊ नकोस. कार्ड किंवा पैशाची मर्यादा लावायची असेल तर तेही तिला विचारून. आणि ती धंद्याचे प्लॅन लिहिलेली वही फेकू नकोस. मी दोनदा वर जाऊन आले तेव्हा लिहिलेल्यातलं बरंचसं नंतर वाचवत नव्हतं, पण त्यातल्याच एका कल्पनेवर मी आज काम करते. ती महिन्या दोन महिन्यांनी नीट झाली की तेव्हाच्या तिच्या शब्दांत एक कागद लिहून घ्या दोघं मिळून, पुढच्या वेळी सुरुवात कशी दिसते, तेव्हा तू काय बोललेलं चालेल, कुठल्या डॉक्टरांना फोन, आणि काय अजिबात बोलायचं नाही. आमच्या कागदात पहिली ओळ आहे, सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर नवऱ्याने मला न विचारता डॉक्टरांना फोन करायचा. ती मीच घातलीये.