फॅमिली थीम पार्कात दारू मिळावी का? तुमचे अनुभव सांगा

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या उन्हाळी सहलीवरून यंदा भलताच वाद पेटला. इथे दक्षिण कॅलिफोर्नियात डिस्नीलँड की त्याच्या समोरचं कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर, हा प्रश्न दरवर्षीचाच. पण यंदा एक दादा म्हणाले, "समोरच्या पार्कात निदान निवांत बिअर तरी घेता येते." त्यावर दोन-तीन आया उसळल्या, "मुलांच्या जागी बिअर हवीच कशाला?" मध्यरात्रीपर्यंत ग्रुपवर तेच चाललं होतं. म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. वॉल्ट डिस्नीने १९५५ मध्ये अ‍ॅनाहाइमला पार्क उघडलं, तेव्हा दारू नाही म्हणजे बिअरसुद्धा नाही, असं ठरवून टाकलं होतं. दारू आली की हुल्लडबाज येतात, असं त्याचं स्पष्ट म्हणणं होतं. १९६७ मध्ये आत 'क्लब ३३' निघाला, तिथे मिळायची, पण ती फक्त सभासदांना आणि त्यांच्या पाहुण्यांना. तुमच्या-आमच्यासारख्यांना डिस्नीलँडमध्ये पहिल्यांदा दारू मिळाली ती २०१९ मध्ये, स्टार वॉर्सच्या भागातल्या 'ओगाज कँटीना'त. तीसुद्धा आतच संपवायची, ग्लास घेऊन बाहेर पडता येत नाही. कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर मात्र २००१ मध्ये उघडलं तेच वाइन-बिअरसकट. डिस्नीचंच फ्लोरिडातलं मॅजिक किंगडम १९७१ पासून २०१२ पर्यंत पूर्ण कोरडं होतं. मग एका रेस्टॉरंटात रात्रीच्या जेवणाबरोबर सुरुवात झाली, २०१८ पर्यंत बसून जेवायच्या सगळ्या रेस्टॉरंटांत मिळू लागली आणि २०२५ मध्ये तिथे चक्क समुद्री चाच्यांचा बार उघडला.

माझं मत आधीच सांगते. जेवणाच्या टेबलावर मिळायला माझी हरकत नाही. हातात ग्लास घेऊन पार्कभर हिंडणं, राइडच्या रांगेत मुलांच्या पुढे-मागे उभं राहणं, हे मात्र मला अजिबात पटत नाही.

दारू चांगली की वाईट यावर प्रवचनं नकोत. पार्कात तुम्ही स्वतः काय पाहिलंत ते लिहा. तक्रार असेल तर पार्कचं नाव टाळा.

---

ऑरलँडोहून

शिकत असताना इथल्या एका थीम पार्काच्या रेस्टॉरंटात मी वेटर होतो, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूने सांगतो.

फ्लोरिडात २१ वर्षांखालच्या कुणाला दारू दिली तर देणाऱ्या वेटरवरही कारवाई होते. त्यामुळे आम्हाला पहिलं शिकवलं जायचं ते आयडी बघणं. पाकिटाच्या प्लॅस्टिकमधून दाखवलेलं चालायचं नाही, बाहेर काढून हातात द्यायला सांगायचं. आधी जन्मतारीख, मग फोटो, मग मुदत. समोर साठीचे काका असले तरी मागायचंच. आपल्याकडचे काका यावर फार चिडतात, कारण पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत असतो. "अरे, माझे केस बघ की!" हे मी मराठीतूनही ऐकलंय.

पण खरी अडचण आयडीची नसते, उन्हाची असते. जुलै-ऑगस्टात माणसं सकाळपासून उन्हात हिंडून दुपारी येऊन बसतात. पोटात धड अन्न नाही, पाणी प्यायलेलं नाही, आणि मागवतात बर्फाची मार्गारिटा. ती लागते सरबतासारखी, घटाघटा जाते, आणि उठेपर्यंत कळत नाही. बडबड करणारा गिऱ्हाईक सोपा. एकदम गप्प झालेला असतो त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. अशा वेळी पाण्याचा जग आणून ठेवायचा, बिल आणायचं, वाद घातला तर मॅनेजरला बोलवायचं.

एका बापाला मी असं थांबवलं होतं. तो माझ्याशी हुज्जत घालत होता आणि शेजारी बसलेल्या त्याच्या सात-आठ वर्षांच्या मुलीने त्याच्या पुढ्यातला रिकामा ग्लास उचलून गुपचूप माझ्या ट्रेमध्ये ठेवला. तिला हे काम सवयीचं होतं, हातावरून कळत होतं.

टेबलावर मला माणूस तासभर दिसतो. रस्त्यावरच्या गाड्यावर विकणाऱ्याला तो अर्धा मिनिट दिसतो. इथे एक घेतली, पुढच्या गाड्यावर दुसरी, हा हिशोब कुणाकडेच नसतो. एपकॉटमध्ये, म्हणजे डिस्नीच्याच इथल्या आणखी एका पार्कात, तळ्याभोवती ११ देशांचे विभाग आहेत, आणि प्रत्येक देशात एक पेय घेत फेरी पूर्ण करायची अशी प्रथाच पडली आहे. त्यासाठी टी-शर्ट छापून घेऊन येतात लोक. त्यामुळे धागाकर्तीच्या मताला माझा पूर्ण पाठिंबा.

---

फ्रायबुर्ग, जर्मनीहून

आमच्याकडे चित्र अगदी वेगळं आहे, म्हणून लिहितोय. रुस्ट गावातलं युरोपा-पार्क आम्हाला जवळ. १९७५ पासून माक कुटुंब ते चालवतं. हे लोक १७८० पासून घोडागाड्या आणि पुढे जत्रेतले पाळणे बनवत आलेत, त्यामुळे सगळं पार्क घरच्या कार्यासारखं निगुतीने चालतं. तिथे बिअर सर्रास मिळते. दुपारी एकच्या सुमाराला लांबलचक बाकांवर आजी-आजोबा, आई-वडील, पोरं सगळी एकत्र बसलेली असतात. आजोबांपुढे बिअर, आईपुढे राडलर, म्हणजे बिअरमध्ये लेमोनेड, मुलांपुढे सफरचंदाच्या रसात सोडा. तासभर जेवण चालतं. मग आजोबा तिथेच सावलीत बसतात आणि बाकीचे रोलर कोस्टरला जातात.

जर्मनीत १६ वर्षांच्या मुलालाही बिअर-वाइन विकत घेता येते, तीव्र मद्याला १८ लागतात. तरी मी तिथे तमाशा पाहिलेला नाही. इथे बिअर हा जेवणाचाच भाग आहे, त्यामुळे कुणी ती 'चढवायला' पार्कात येत नाही. डिस्नीने १९९२ मध्ये पॅरिसजवळ पार्क उघडलं तेव्हा तिथेही दारूबंदीच ठेवली होती. जेवणाबरोबर वाइन नाही म्हटल्यावर फ्रेंच लोक असे काही बिथरले की पुढच्याच वर्षी नियम बदलावा लागला.

मला वाटतं, अमेरिकेतला नियम भारताला लावू नये आणि जर्मनीतलाही लावू नये.

---

पुण्याहून, एक मुलगी

माझ्या बाबांना दारूचं व्यसन होतं. मुक्तांगणमध्ये राहून आल्यावर ते सुटलं. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या त्या संस्थेचे आमच्या घरावर किती उपकार आहेत, ते इथे लिहायला बसले तर धागा भरून जाईल.

बाबा सावरल्यावर भाऊ आम्हाला अमेरिकेत घेऊन गेला. दारू सोडलेल्या माणसाबरोबर प्रवास केलात तर कळेल, जिथे जाल तिथे ती समोर येते. विमानात ट्रॉलीवर, हॉटेलच्या लॉबीत, भावाच्या मित्राकडच्या बार्बेक्यूला. बाबा काही बोलायचे नाहीत, पण जेवायला बसलो की मेन्यूकार्ड लगेच आईकडे सरकवायचे. मॅजिक किंगडमला गेलो तो दिवस मात्र वेगळा होता. तेव्हा ते पूर्ण कोरडं होतं. बाबांनी स्वतः मेन्यूकार्ड उघडलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आणि सगळ्यांसाठी ऑर्डर दिली. आई माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

आता तिथेही मिळते हे वर वाचलं आणि वाईट वाटलं. ज्यांना घ्यायची त्यांना जगभर जागा आहेत. एखादी मोठी, आनंदाची, सगळ्यांसाठी असलेली जागा दारूशिवायची राहिली असती तर कुणाचं काय गेलं असतं?

---

टॅम्पाहून, थोडक्यात

सगळीच पार्कं वॉल्टच्या विचाराने निघालेली नाहीत. आमच्या गावातलं बुश गार्डन्स १९५९ मध्ये बिअरच्या कारखान्याला लागून सुरू झालं. कारखाना बघायला या, बाग बघा, पक्षी बघा आणि फुकट बिअर प्या, असा तो प्रकार होता. कारखाना १९९५ मध्ये बंद झाला तरी मोठ्यांना फुकट बिअर बरीच वर्षं चालू होती. इथे वाढलेल्या माझ्या ऑफिसमधल्या मंडळींना त्यात काहीच वावगं वाटत नाही. मी दोन्ही बाजूंनी ऐकून घेतो, पण मुलाला घेऊन गेलो की स्वतः घेत नाही. परतताना गाडी मलाच चालवायची असते.

---

नवी मुंबईहून, दोन मुलांची आई

तिकडची चर्चा वाचून मला एकच सांगायचंय: आपल्याकडे 'मिळत नाही' म्हणजे 'पीत नाहीत' असं नाही. वॉटरपार्कात दारू विकत नाहीत, पण ग्रुप पिकनिकची बस पार्किंगमध्ये लागते आणि माणसं तिथेच उरकून आत येतात. कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिसळून आणणारे वेगळेच. गेटवरचा माणूस आमच्या पर्समधली मुलांची बिस्किटं, थेपले काढून ठेवायला लावतो, आणि डोळे तारवटलेले चौघं त्याच्या समोरून आत जातात.

अशाच एका पार्कात वेव्ह पूलमध्ये माझ्या नणंदेला त्रास झाला. लाटा सुरू झाल्या की गर्दीत धक्के बसतातच, पण हे धक्के लाटेचे नव्हते. तिने मागे वळून जोरात सुनावलं, तर तो हसत हसत मित्राच्या अंगावर पडला. तोंडाला भपकारा येत होता. आम्ही मुलांना घेऊन तडक बाहेर पडलो, तक्रार केली, तर "मॅडम, तुम्ही दुसऱ्या पूलला जा" असं उत्तर मिळालं.

काही जण म्हणतात की आतच रीतसर दिली तर हे चोरून पिणं थांबेल. मला नाही पटत. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, वर कागदोपत्री परवानाही लागतो. हे साध्या परमिट रूममध्ये कोण किती बघतं, सगळ्यांना माहीत आहे. वॉटरपार्कच्या काउंटरवर ओल्या कपड्यांत उभ्या असलेल्या पोराचं वय कोण तपासणार? आणि खिशात आयडी असणार आहे का त्याच्या?

---

तोक्योहून

जपानचा अनुभव घ्या. इथे डिस्नीची दोन पार्कं शेजारी-शेजारी आहेत. १९८३ चं तोक्यो डिस्नीलँड खूप वर्षं कोरडं होतं, २००१ मध्ये आलेल्या डिस्नीसीमध्ये पहिल्यापासून दारू मिळते. त्यामुळे इथले लोक आपसूक वाटले गेले: लहान मुलं असलेली कुटुंबं एकीकडे, जोडपी आणि मोठ्यांचे ग्रुप दुसरीकडे. ज्याला जे हवं ते त्याने निवडावं, ही सोय मला फार आवडायची. २०२० पासून डिस्नीलँडच्याही काही रेस्टॉरंटांत मिळू लागली. वयाची अट २०. गोंधळ मी दोन्हीकडे पाहिलेला नाही, तरी निवड करता येत होती ती गेली याची हळहळ वाटते.

---

मडगावहून

आमच्याकडे फेस्ताला, लग्नाला बिअर असतेच आणि पोरं आजूबाजूला खेळत असतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण तिथे सगळे एकमेकांना ओळखतात. जास्त झाली तर मामा हात धरून घरी नेतो. पार्कात कोण कुणाचा मामा?

---

धागाकर्ती

फ्रायबुर्गचे दादा, जर्मनीचं पटलं, पण तुम्ही वर्णन केलेलं सगळं टेबलावरच घडतंय, म्हणजे आपण एकाच बाजूला आहोत. पुण्याच्या ताई, तुमचं लिहिणं मी मंडळाच्या ग्रुपवर वाचून दाखवलं, नाव-गाव न सांगता. बिअरवाले दादा स्वतःहून म्हणाले, जाऊ दे, डिस्नीलँडलाच जाऊ. आमच्यातही असं कुणी असेल आणि आपल्याला माहीत नसेल, हे त्यांच्या तोंडून आलं, मी सुचवलेलं नाही.

आता एक दिवस वॉटरपार्कचाही आहे. त्याबद्दल कुणाला माहिती आहे का?

---

रायगडहून

मी एका वॉटरपार्कात लाइफगार्ड होतो. थीम पार्काचं तुम्ही ठरवा, पण पाणी आलं की माझं उत्तर नाही. टेबलावरसुद्धा नाही.

कारण सांगतो. बुडणारा माणूस सिनेमात ओरडतो, खऱ्यात बहुतेक वेळा आवाजच करत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होतं, हात बाजूला दाबले जातात आणि काही क्षणांत खेळ आटोपतो. आम्ही उंच खुर्चीवरून तेवढंच शोधत असतो. प्यायलेल्या माणसाचे हातवारे आधीच विस्कळीत असतात, त्यामुळे मस्ती करतोय की गटांगळ्या खातोय हे ओळखायला वेळ लागतो, आणि तोच वेळ हातात नसतो. भोंगा वाजून लाटा सुरू झाल्या की असली माणसं हमखास खोल बाजूला जातात, भीती मेलेली असते.

स्लाइडवर तर आणखी वाईट. वरच्या गार्डने सांगितलेलं असतं, पाय जुळवून, हात छातीवर. खालून इशारा आल्याशिवाय तो पुढच्याला सोडत नाही. प्यायलेला माणूस मध्येच हात पसरतो, अडकतो, उठून बसतो. खाली उतरल्यावर बाजूला होत नाही. मागून लहान मूल येत असतं.

आम्ही अशांना बाहेर काढायचो, तेव्हा वरून निरोप यायचा, "ग्रुप बुकिंग आहे, सांभाळून घ्या." हे सांभाळून घेणं मला कधीच जमलं नाही, आणि जमायला नकोच होतं.

---

नवी मुंबईहून, दोन मुलांची आई

दादा, चांगलं पार्क कसं ओळखायचं ते तरी सांगा. तिकीट काढायच्या आधी.

---

रायगडहून

ताई, गेटवर पाच मिनिटं उभ्या राहा. गार्ड नुसत्या पिशव्या उचकतोय की समोरच्याशी बोलतोय ते बघा. बोलायला लावलं की वास आणि जीभ दोन्ही कळतात. एखाद्याला परत पाठवताना दिसलं तर बिनधास्त आत जा. मग वेव्ह पूलवर जा, लाटा सुरू असताना खोल बाजूच्या खुर्चीत माणूस आहे का आणि तो पाण्याकडे बघतोय की मोबाइलकडे, ते बघा. तासाभराने परत येऊन बघा, माणूस बदललेला असला पाहिजे. उन्हात एकच गार्ड दिवसभर बसवलेला असेल तर मुलांना पाण्यात सोडू नका. आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार गाठा, कंपन्यांच्या बस तेव्हा कमी असतात.