टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा टप्पा आखायला सुरुवात कुठून करतात?

कात्रज_चढ:
२०२५ च्या टूरचा नकाशा बघतोय. ५ जुलैला लील, २७ जुलैला पॅरिस, २१ टप्पे, दोन विश्रांतीचे दिवस. तीन गोष्टी उलगडत नाहीत. आल्प्समध्ये इतके घाट असताना फिनिश फिरून फिरून त्याच गावांत का येतं? वेळापत्रक मिनिटांत कसं बसवतात? आणि ऐनवेळी मार्ग तोडावा लागला तर नेमकं काय तोडायचं हे कशावरून ठरतं? १९ वा टप्पा १२९.९ किमीचा ९५ वर आला, म्हणून विचारतोय.

घाटमाथा:
टप्पा शेवटाकडून मागे आखतात. आधी फिनिशची जागा, मग तिथे पोचायचा घाट, मग उरलेलं अंतर कुठून भरायचं ते. यूसीआयच्या (जागतिक सायकलिंग संघटनेच्या) नियमात शेवटचा सरळ रस्ता किमान २०० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद हवा, बॅरिकेड फिनिशच्या रेषेच्या आधी ३०० मीटर आणि पुढे १०० मीटर. ही किमान अट झाली. खरी अडचण रेषेपलीकडची असते. सपाट टप्प्यावर रायडर ताशी ६०-७० च्या वेगाने रेषा ओलांडतात, त्यांना थांबायला मोकळा रस्ता लागतो. शिवाय टीव्हीच्या गाड्या, पोडियम, डोपिंग तपासणी, संघांच्या बसा. एवढं सगळं उभं करायला डोंगरात सपाट जागा मिळते कुठे? स्कीच्या गावांत. हिवाळ्यासाठी बांधलेले मोठे वाहनतळ आणि हॉटेलं तिथे असतात. ला प्लान्य, कूर्शवेल, पेरागूद पुन्हा पुन्हा दिसतात ते यामुळे.

उलट उदाहरण प्वी द दोम या डोंगराचं. शेवटचे ४ किमी सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास, अरुंद रस्ता आणि शेजारी डोंगर चढणाऱ्या रेल्वेचे रूळ. १९८८ नंतर थेट २०२३ मध्ये टूर तिथे गेली, तीही शेवटचे ४ किमी प्रेक्षकांना पूर्ण बंद ठेवून. घाट कितीही सुंदर असला तरी जागा नसेल तर अशी किंमत मोजावी लागते.

मागचं_चाक:
वेळापत्रकाचं गणित सोपं आहे, हातानेच करून बघा. टप्पा १७६ किमीचा धरू आणि फिनिश साडेपाचला हवंय. मार्गपुस्तिकेत प्रत्येक गावासमोर तीन वेळा छापतात, तीन सरासरी वेगांच्या. ताशी ४२ ला ४ तास ११ मिनिटं, ४४ ला बरोबर ४ तास, ४६ ला ३ तास ५० मिनिटं. मधला वेग धरला तर खरी सुरुवात दीड वाजता. त्याआधी गावातून शांतपणे नेण्याचं अंतर असतं, ते १० किमीच्या आत ठेवायचं. त्याला वीसेक मिनिटं, म्हणजे गावातून निघायचं एक दहाला.

चूक होते ती टोकाच्या दोन वेळांमधल्या २१ मिनिटांत. वारा पाठीशी असेल तर घोळका, म्हणजे रायडरांचा मुख्य गट, छापलेल्या सगळ्यात लवकरच्या वेळेच्याही आधी येतो. रस्ता बंद करायची वेळ मधल्या वेगावर ठरवली तर फसलात. ती जलद वेळेच्याही थोडी आधी धरा, रस्ता उघडायची वेळ मंद वेळेवर, आणि तीही सगळ्यात मागून येणारी झाडूगाडी (मागे पडलेल्यांना उचलणारी) गेल्यावर. टूरमध्ये तर जाहिरातींचा ताफा रेसच्या साधारण दोन तास पुढे धावतो, म्हणजे रस्ता त्याच्याही आधी बंद.

विश्रांतीच्या दिवसांचंही असंच. २०२५ ला १४ जुलै सोमवारी आला. राष्ट्रीय सणाला रेस हवीच, म्हणून पहिली विश्रांती मंगळवारी, तूलूझला.

सायकल_सखी:
फिनिशबद्दल एक जोड. उतारावर स्प्रिंट (रेषेपर्यंतची शेवटची वेगवान धाव) ठेवू नका, पोलंडच्या टूरमध्ये ५ ऑगस्ट २०२० ला कातोवित्सेला काय झालं ते आठवा. उतारावरचं फिनिश, वेग ताशी ८० च्या घरात, याकोबसन हा रायडर बॅरिकेडवर आदळला आणि बॅरिकेडच उडाली. बॅरिकेड एकमेकांना घट्ट जोडलेली हवीत आणि त्यांचे पाय रस्त्याच्या बाजूला येता कामा नयेत.

दुसरं, वारा. नकाशावर सपाट दिसतो म्हणून टप्पा सोपा नसतो. २०२५ चा पहिलाच टप्पा, लीलहून निघून लीललाच परत. सुमारे १७ किमी उरले असताना आडव्या वाऱ्यात घोळका फुटला आणि एव्हनपूल, रोग्लिच या आघाडीच्या रायडरांचे ३९ सेकंद गेले. आडव्या वाऱ्यात रायडर तिरकी रांग धरतात आणि त्या रांगेत रस्त्याच्या रुंदीइतकेच लोक मावतात. बाकीचे कडेला एकामागे एक, आडोशाशिवाय. त्यामुळे झाडं नसलेला उघडा रस्ता कुठे वळतो आणि वळल्यावर वारा कोणत्या बाजूने लागतो, हे प्रत्यक्ष जाऊन बघायचं. नकाशावरून ते कळत नाही.

कात्रज_चढ:
आभारी आहे. आता तोडण्याबद्दल कोणी सांगेल का?

घाटमाथा:
शक्यतो शेवट हलवू नका, सुरुवात किंवा मधला भाग तोडा. १९ व्या टप्प्यात तेच केलं. कोल द सेझी या घाटाच्या भागात एका कळपाला लम्पी झाला होता. आपल्याकडे २०२२ मध्ये ज्यांनी जनावरं गमावली त्यांना याचा अर्थ सांगायला नको. तिथे तो कळप मारावा लागला. सेझीचा घाट वगळला, आल्बेरव्हीलहून घोळका जवळजवळ थेट बोफोर गावाकडे नेला आणि सुरुवात तासभर पुढे ढकलली. अंतर कमी झालं तरी ला प्लान्यला पोचायची वेळ जवळपास तीच राहिली, फिनिशची मांडणी, प्रक्षेपण, पोलीस कशालाच हात लावावा लागला नाही.

शेवट हलवला की काय होतं ते १४ जुलै २०१६ ला व्हाँतू डोंगरावर दिसलं. माथ्यावरचा वारा पाहून आदल्या दिवशी फिनिश ६ किमी खाली, शॅले रेनारला आणलं. वर पांगली असती ती गर्दी खाली दाटली आणि चढाच्या त्या भागात बॅरिकेड नव्हती. रायडरांपुढची रेसची मोटारसायकल थांबली, पोर्ट हा रायडर तिच्यावर आदळला, मागोमाग फ्रूम हा रायडर पडला आणि सायकल मोडल्यावर पायी धावत सुटला.

तिसरी तऱ्हा २६ जुलै २०१९ ची. फिनिशच्या तीन्य गावाच्या वाटेवर गारपीट झाली, दरड आली. रेस चालू असतानाच थांबवून २,७७० मीटरवरच्या इझरान घाटाच्या माथ्यावरच्या वेळा धरल्या. टप्प्याचा विजेता जाहीर झाला नाही, पण बेर्नाल या रायडरला पिवळी जर्सी (एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची) मिळाली. घाटाच्या गुणांसाठी माथ्यावर रेषा आखलेलीच होती, म्हणून हे जमलं. तुम्ही मार्ग आखाल तेव्हा प्रत्येक टप्प्यात वेळ धरता येईल अशा दोन तरी जागा आधीच खुणावून ठेवा आणि त्या पंचांच्या कागदावर चढवा.