लिलावातला मिलिटरी टाटा: चढाला दम टाकतो, पंप उतरवायचा का?

गिरणीकाठ
लष्कराच्या लिलावातून निघालेला टाटा फोर-बाय-फोर आहे. ६९७ इंजिन, मायकोचा इनलाइन पंप (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलना दाबाने डिझेल देणारा). किमान ३ वर्षं उभा होता, टाकीत जुनंच डिझेल. हातपंप मारला की चालू होतो, रिकामा पळतो. लोड घेऊन चढाला लागला की ८-१० मिनिटांत दम टाकून बंद. १५ मिनिटं थांबलं की परत चालू. सकाळी पुन्हा हातपंप मारावाच लागतो. दोन्ही फिल्टर नवे टाकलेत. मिस्त्री म्हणतो, पंप उतरवून कॅलिब्रेशनला (मोजून जुळवायला) द्या. द्यावा का? आणि कमी गंधकाच्या बीएस-६ डिझेलमध्ये वंगणासाठी टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) घालायचं का?

पंपरूम_मिरज
पंपाला अजून हात लावू नका. प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) झिजलेला पंप गरम झाल्यावर चालू व्हायलाच त्रास देतो. तुमचा १५ मिनिटांत, गरम असतानाच परत चालू होतो, म्हणजे संशय टाकीतल्या जाळीवर. ओढ वाढली की गाळ जाळीला चिकटतो, इंजिन थांबलं की सुटून खाली बसतो. सकाळचा हातपंप ही वेगळी तक्रार: सक्शन लाईन (टाकीतून डिझेल ओढणारी नळी) कुठेतरी हवा घेते आणि रात्रीतून डिझेल टाकीत परत उतरतं.

खात्री अशी करा. २० लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये नवं डिझेल घ्या, कॅन फीड पंपापेक्षा (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) वर बांधा, नव्या होजने थेट फीड पंपाच्या इनलेटला जोडा. रिटर्नची (उरलेलं डिझेल परत आणणारी) नळीही कॅनमध्येच सोडा. त्याच चढावर, तेवढाच लोड घेऊन चालवा. दम टाकला नाही, तर दोष फीड पंपाच्या अलीकडे, टाकीकडच्या बाजूला. हे करण्याआधी एकदा टाकीचं झाकण सैल ठेवून बघा. झाकणाचं हवेचं भोक मातीने बुजलं तरी हीच लक्षणं दिसतात.

मग टाकी उतरवा. तळाचं डिझेल काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा. पाणी खाली बसेल, आणि मधे काळपट शेवाळासारखा थर दिसला तर जिवाणूंची वाढ आहे. तेवढ्यावर नुसतं डिझेल बदलून भागत नाही. मूठभर नट टाकून ५ लिटर डिझेलने टाकी हिंदकळवून धुवा, स्वच्छ येईपर्यंत. पेट्रोल नको, आणि रिकाम्या टाकीला वेल्डिंग तर नकोच. आतून जस्ताचा लेप देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. डिझेल आणि जस्त जमत नाही.

सक्शनचे रबरी होज सरसकट बदला. वरून ठणठणीत दिसतात, आतून साल सुटलेली असते आणि ओढ लागली की पाईप चपटा होतो. बँजो बोल्टला (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे नवे वॉशर. फीड पंपाच्या इनलेटलाही जाळी असते, फिल्टर बदलणारे तिला हमखास विसरतात.

टू-टी ऑइलची गरज नाही. १ एप्रिल २०२० पासून गंधक ५० वरून १० पीपीएमवर आलं हे खरं, पण वंगणाची कमी भरून काढणारं द्रव्य त्यात आधीच मिसळलेलं असतं.

लोखंडी_घोडा
वरचं सगळं बरोबर, पण एक राहिलं, आणि माझ्या मते ते पहिलं. इतकी वर्षं उभ्या गाडीच्या पंपाची रॅक (डिझेलचं प्रमाण ठरवणारी दांडी) मोकळी सरकते का, ते आधी बघा. इंजिन बंद असताना ती जास्त डिझेलच्या जागी असते. तिथेच अडकली तर इंजिन चालू होताच सुसाट सुटतं आणि किल्लीने थांबत नाही. साइड कव्हर काढून बोटाने हलवून बघा, स्टॉप लिव्हरही तपासा. पहिल्या चाचणीला एअर इनटेक दाबायला फळी हाताशी ठेवा. हात नाही, फळी.

इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढलीय का, तेही पहा. वास डिझेलचा येत असेल तर फीड पंपाचं सील किंवा प्लंजर गळतोय. मग मात्र पंपरूम (पंप दुरुस्तीचं वर्कशॉप) गाठावीच लागेल.

गिरणीकाठ
कॅनवर त्याच चढाला ४० मिनिटं चालला, बंद नाही. रॅक मोकळी आहे, ऑइलची पातळी जागेवर. सक्शनला बारीक वॉटर सेपरेटर बसवू का? आणि लाईन खोलल्यावर एअर काढायचा क्रम कसा?

पंपरूम_मिरज
सक्शनला बारीक फिल्टर बसवला तर फीड पंप उपाशी राहतो आणि तुम्ही परत इथेच याल. फक्त पाणी खाली बसवणारा साधा बाऊल बसवा, ड्रेनचा नळ असलेला. बारीक गाळायचं काम फीड पंपानंतरच्या फिल्टरचं.

एअर: आधी पहिल्या फिल्टरचा स्क्रू, मग दुसऱ्याचा, शेवटी पंपाच्या गॅलरीचा (आतली डिझेलची पोकळी). प्रत्येक ठिकाणी बुडबुडे संपेपर्यंत हातपंप मारायचा आणि पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. कागदी फिल्टरमध्ये वरून डिझेल ओतून भरू नका, न गाळलेला कण थेट प्लंजरला जातो. एवढं करून चालू झाला नाही, तरच नोझलकडचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारा, एका वेळी १०-१५ सेकंद, मग मिनिटभर विश्रांती. फवाऱ्यापुढे बोट नको, डिझेल कातडीत घुसतं.

लोखंडी_घोडा
नोझल काढणार असाल तर टेस्टरवर लावा. उघडण्याच्या दाबापेक्षा २० बार खाली १० सेकंद धरायचं. टोकाला थेंब आला तर ते नोझल बाद. आणि नव्या फिल्टरचा एक जोड जास्तीचा घेऊन ठेवा, कितीही धुतलं तरी टाकीतला उरलेला गाळ पहिल्या महिन्यात फिल्टरलाच येतो.