आजारी घोड्यांसाठी रपेट: तुमचे अनुभव लिहा

नेरे-वाजे भागात, गाढी नदीच्या कडेने झालेल्या निधीफेरीत आपल्यातले बरेच जण होते. जमलेला पैसा जायबंदी आणि काम सुटलेल्या घोड्यांच्या औषधपाण्याला जातो. स्वारी केली असेल, पाणी दिलं असेल, नुसती पावती फाडली असेल, तरी लिहा.

खारघर
साठीला आले आहे, घोड्यावर पहिल्यांदाच बसले. डावीकडून चढायचं, रिकिबीत फक्त चवडा, टाच खाली, हे मोतद्दार दादांनी पुन्हा पुन्हा करून घेतलं. "ताई, पाऊल आत अडकलं आणि तुम्ही पडलात, तर जनावर फरफटत नेईल." ऐकून उलट धीर आला, माणूस जाणता होता. दुडकी सुरू झाली आणि हाडं खिळखिळी झाली. मग ठेका सापडला: एका टापेला उठायचं, दुसऱ्या टापेला बसायचं. तोवर मला घोडीच्या कानांपलीकडे काही दिसत नव्हतं, आता भातखाचरांतले बगळे दिसले. मारवाडी घोडी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडलेली. मागून दुचाकी आली की आधी तिचा एक कान मागे फिरायचा, आवाज मला नंतर यायचा.

वर्तकनगर, ठाणे
मला स्वारी मिळाली नाही आणि तेच योग्य झालं. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये, असा दंडक आहे. ४०० किलोच्या घोड्यावर ८० किलो, तेही खोगिरासकट. माझं एकट्याचं ९२. मग पाण्याच्या बादल्या सांभाळल्या. घोडा पाणी पिताना कधी जवळून बघा. ओठ जेमतेम बुडवतो, आवाज जवळजवळ नाही, गळ्याखालून घोट सरकताना दिसतो आणि प्रत्येक घोटाला कान हलतात. दिवसाला २५-३० लिटर सहज लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

कळवा
वडील मुंबईत व्हिक्टोरिया हाकायचे. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. जनावरांचे हाल पाहता निकाल बरोबरच होता, असं मी घरातही म्हणतो. पण गाडी बंद झाली तरी घोड्याचं पोट बंद होत नाही. पावती त्यासाठी फाडली.

पनवेल
पैसा कुठे लागतो ते सांगते, मी पशुवैद्यक आहे. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की तासातासाला जीव धोक्यात असतो. घोडा सारखा पोटाकडे वळून बघतो, जमीन उकरतो, लोळतो. रात्री-अपरात्री डॉक्टर, सलाईन, गाडीभाडं, सगळं लागतं. शिवाय नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनी हवाच.

नेरूळ
वरच्या सगळ्यांना अनुमोदन. आयोजकांना एक विनंती: पुढच्या वेळी डांबरी रस्ता टाळा. नाल ठोकलेला पाय डांबरावर घसरतो, सांध्यांना हादरेही बसतात. नदीकडची मातीची वाट थोडी लांब पडेल, पण तिनेच न्या. आणि डिसेंबर-जानेवारीतच ठेवा.